गोळी चालू, तर आजारही चालू

प्रवास विम्याच्या फॉर्ममध्ये जुने आजार लिहायचे का, यावर एकाचं मत वाचलं: "शुगर कंट्रोलमध्ये असेल तर लिहायची गरज नाही, तसंही तीन वर्षांनी कंपनी काही उकरून काढू शकत नाही." साफ चूक. ते तीन वर्षांचं, विमा कायद्यातलं कलम ४५ फक्त आयुर्विम्याला आहे. आरोग्य विम्यात २०२४ पासून सलग ६० महिन्यांची मुदत आहे (आधी ८ वर्षं होती), आणि फसवणूक सिद्ध झाली तर तीही कामाची नाही. प्रवास विमा दीड-दोन महिन्यांचा, त्याला यातलं काय लागू होणार?

आईबाबा बहिणीकडे अमेरिकेला निघाले तेव्हाची गोष्ट. एजंट नौपाड्यात घरी आला, चहा घेता घेता फॉर्म भरला आणि सगळ्या आजारांपुढे परस्पर 'नाही' ठोकून मोकळा. बाबांची मेटफॉर्मिनची (शुगरच्या गोळीची) स्ट्रिप समोर टीपॉयवरच पडलेली! मी दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये पीडीएफ उघडली म्हणून कळलं. ईमेल करून दुरुस्ती करून घेतली, प्रीमियम थोडा वाढला.

तिकडे बाबांना न्यूमोनिया झाला. शुगरशी संबंध नाही, तरी तिथल्या नर्सने पहिलाच प्रश्न विचारला, रोजच्या गोळ्या कोणत्या? बाबांनी कौतुकाने अख्खा डबा उघडून दाखवला, आणि ते सगळं डिस्चार्जच्या कागदात छापून आलं. शिवाय क्लेमला कंपनीने इथल्या फॅमिली डॉक्टरांचे जुने केसपेपरही मागवले. लपवलं असतं तर तिथेच अडकलो असतो. फक्त एक, आजार लिहिला म्हणजे तो कव्हर झाला असं नाही. बऱ्याच पॉलिसीत जुन्या आजारासाठी जिवावर बेतलं तरच पैसे मिळतात, तेही ठरावीक रकमेपर्यंत.