अल्पदृष्टी मुलांसाठीची प्रश्नावली वाडीवर चालेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्याच्या डोंगरभागातल्या जि.प. शाळांत माझी दिव्यांग मुलं विखुरलेली आहेत. सध्या एम.एड.चा लघुप्रबंध चालू आहे. विषय: ग्रामीण शाळांतल्या दृष्टिबाधित मुलांच्या जीवनाची गुणवत्ता. (आधी 'जीवनमान' लिहिलं होतं. ते ऐकून एका पालकांनी थेट पिवळं रेशनकार्ड आणून समोर ठेवलं.)

यादीत ३४ मुलं आहेत. सगळ्यांची नजर चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याला ६/१८ पेक्षा कमी आहे (म्हणजे निरोगी नजरेला १८ मीटरवरून दिसतं ते यांना ६ मीटरवरूनही नीट दिसत नाही). काही जण नुसता चष्मा मिळाल्यावर यादीतून बाहेर पडले, तो आनंद वेगळाच.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेची २००३ सालची 'एलव्हीपी-एफव्हीक्यू' ही प्रश्नावली घेतली. भारतीय शाळकरी मुलांसाठीच बनवलेली आहे, प्रश्न १९ आणि शेवटी एक 'मित्राच्या तुलनेत तुझी नजर कशी' असा. कागदावर झकास वाटली. सहावीतल्या एका मुलाला घेऊन शाळेच्या पडवीत बसले.

"रस्त्यापलीकडं मुलगा आहे का मुलगी, हे ओळखायला अडचण येते?"
"न्हाई. चालण्यावरनं कळतंय."
"बसचा नंबर वाचायला?"
"एसटीला कसला नंबर? हितं एकच येती."
"हात न लावता १ आणि २ रुपयांचं नाणं ओळखायला?"
"हात का लावायचा न्हाई, मॅडम?"

याला मी काय उत्तर देणार! रात्री रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात घरी जाण्याचाही प्रश्न आहे, पण त्याच्या वाडीला खांबच नाहीत. बुटाची नाडी बांधायची म्हटलं तर पायात चपला. पहिल्या बाकावर बसून फळा उतरवायचा, तर शाळेत सतरंज्या. प्रत्येक ठिकाणी तो म्हणाला, "काय बी अडचण न्हाई." बेरीज केली तर गावातल्या डोळस मुलांच्या पंक्तीला बसेल असा निकाल. आणि त्याच दिवशी खेळाच्या तासाला हा पठ्ठ्या मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या चपला राखत बसला होता. रोजच बसतो म्हणे. हे माझ्या एकाही रकान्यात आलं नाही.

ही प्रश्नावली दृष्टीचा वापर मोजते, जीवनाची गुणवत्ता नाही, हे मला उशिरा उमगलं. मग मेलबर्नची 'आयव्हीआय-सी' ही दृष्टिबाधित मुलांच्या जीवनाच्या गुणवत्तेची प्रश्नावली पाहिली. तीत २४ प्रश्न आहेत आणि मित्र, शिक्षक, आत्मविश्वास हे सगळं विचारलंय, पण तिथं फूटपाथ येतो. सर्वसाधारण मुलांसाठीची 'पेड्सक्यूएल' प्रश्नावली घ्यावी तर तिच्यात 'एक ब्लॉक चालणं'. आमच्याकडं अंतर 'दोन शेतं पलीकडं' असं सांगतात.

उत्तरांच्या पायऱ्यांचा घोळ वेगळाच. 'कधीच नाही' आणि 'जवळजवळ कधीच नाही' यातला फरक चौथीतल्या मुलीला सांगताना मलाच धाप लागली. कुणीतरी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता सुचवला. अहो, ज्यांना दिसत नाही त्यांना चित्रं? शेवटी चिंचोके आणले. 'रोज असं होत असेल तर चार, कधीच नसेल तर मूठ रिकामी.' हे मात्र जमलं. मुलं चिंचोके मोजून हातावर ठेवतात आणि मध्येच एखादा परत घेतात, "थांबा, तीनच." पण मार्गदर्शक म्हणतात, प्रमाणित साधनात असले प्रयोग चालत नाहीत.

आता मला विचारायचंय ते असं. न लागू होणारे प्रश्न गाळायचे, बदलायचे, की 'अडचण नाही'त मोजायचे? चिंचोके चालतील का? आणि आईचं उत्तर घ्यावं का? कारण आया नेमकं उलटं बोलतात: "त्याला काय जमतंय?" आणि तेवढ्यात तो कळशी भरून घेऊन येतो.

प्रतिसाद १

मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारी व्यक्ती) आहे. 'लागू नाही' हे 'अडचण नाही' कधीच नव्हे, ती जागा कोरी सोडा. ३४ मुलांवर मूळ प्रश्न बदललेत तर गुणांची तुलना कुणाशीच करता येणार नाही, आणि राश विश्लेषणाने (प्रश्नावलीतले प्रश्न नीट मोजतात का, हे पाहायची संख्याशास्त्रीय पद्धत) बदललेले प्रश्न तपासायला ही संख्या फार तोकडी आहे. मूळ साधन आहे तसंच घ्या, अर्थात कर्त्यांची परवानगी काढून. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून उलट इंग्रजीत करवून ताडून बघा. शेजारी तुमची वेगळी यादी ठेवा: विहीर, बांध, खेळ, जत्रा. चिंचोक्यांनी प्रश्न बदलत नाही, फक्त उत्तर द्यायची रीत बदलते. ती प्रबंधात स्पष्ट लिहा. आईचं उत्तर जरूर घ्या, पण मुलाच्या उत्तरात मिसळू नका, ती तफावत हाच निष्कर्ष होऊ शकतो. आणि पालकांच्या संमतीसोबत मुलांचीही घ्या, १२ वर्षांवरच्यांची लेखी.

प्रतिसाद २

मी स्वतः अल्पदृष्टी आहे, खेड्यातच शिकलो. मलाही कुणी विचारलं की 'काही अडचण नाही' हेच म्हणायचो. अडचण आहे म्हटलं की नाव काढून लांबच्या निवासी शाळेत घालतील, ही धास्ती होती. तुम्ही वही-पेन घेऊन आलात की मुलांना दिव्यांगत्वाच्या दाखल्याची तपासणीच वाटणार.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. दुसरा प्रतिसाद वाचून गप्पच झाले, दाखल्यासाठी त्या सहावीतल्या मुलाला तालुक्याला मीच घेऊन गेले होते. सोमवारी पुन्हा त्याच शाळेत आहे. वही पिशवीतच ठेवते आणि आधी 'काल उठल्यापासून काय काय केलंस' एवढंच विचारते. चिंचोके नंतर.