इंग्रजी व्याकरण पायापासून: कोणतं पुस्तक घेऊ? (इंदूर, ५०० रुपयांच्या आत)

पलासियाची_आई: नमस्कार मंडळी. लेक यंदा सातवीत, हिंदी माध्यमातून इंग्रजी माध्यमात घातलाय. शब्द बरेच येतात, वाक्य जुळत नाही. वहीत 'माय फादर ऑफिस गोज' लिहून आणलं. अगदी नाम-क्रियापद ओळखण्यापासून सुरुवात हवी. क्लास नको, संध्याकाळी पोहायला जातो.

राजवाडा_दादा: ताई, क्लासच लावा. भाचीला भंवरकुआँला घातली, सहा हजार गेले, पण आता फाडफाड बोलते.

निशा_सुदामानगर: दादा, त्या ५०० म्हणतायत! आम्हीही तिकडेच एका क्लासला पैसे भरले. खोलीत पोरं खच्चून भरलेली, नुसत्या व्याख्या पाठ. पोरगा नाउनची व्याख्या घडाघडा म्हणायचा, वाक्यातला नाउन दाखव म्हटलं की गप्प.

जुनी_पुस्तकं: खजुरी बाजारात जा. ते जाड व्याकरण जुनं घेतलं तर स्वस्तात मिळेल. मी त्यावरच बँकेची परीक्षा काढली.

निवृत्त_बाई: जाड व्याकरण सातवीतल्या पोराला नको, पहिल्या दहा पानांत कंटाळेल. आणि 'नाम' म्हणू नका, आपली इंदूरची मुलं शाळेत 'संज्ञा' शिकलेली असतात. संज्ञा, सर्वनाम, विशेषण, क्रिया त्याला हिंदीत येतच असणार, तेच इंग्रजीत ओळखायला लावा.
खरी अडचण जागेची आहे. 'कुत्र्याने मांजराला पकडलं' हे 'मांजराला कुत्र्याने पकडलं' असं फिरवलं तरी 'ने' आणि 'ला' अर्थ सांभाळतात. इंग्रजीत 'द डॉग कॉट द कॅट' मधली नामं फिरवली की पकडणारी मांजर होते. म्हणून आधी कर्ता, लगेच क्रियापद, मग कर्म. आपलं क्रियापद शेवटी बसतं, तेच त्याने उचलून आणलंय. शिवाय आपण 'ऑफिसला' म्हणतो, इंग्रजीत 'टू' आधी येतो: 'माय फादर गोज टू द ऑफिस'. शब्दांच्या चिठ्ठ्या करा, क्रियापदं लाल शाईने लिहा, लाल चिठ्ठी कर्त्याला चिकटून ठेवायला सांगा. 'पाऊस पडतोय' ला कर्ता शोधत बसेल, तिथे 'इट' द्यावा लागतो हेही दाखवा.

राजवाडा_दादा: पण शब्दांच्या जाती आठ की नऊ? भाचीच्या पुस्तकात डिटरमायनर वेगळा आहे.

निवृत्त_बाई: जुन्या पद्धतीत 'अ', 'ॲन', 'द' विशेषणांत धरतात म्हणून आठ. नव्या पुस्तकांत बरेचदा वेगळे काढतात. वाक्य लिहिताना त्याने काही अडत नाही.

जुनी_पुस्तकं: आठच आहेत. आम्ही आठच शिकलो.

विजयनगर_बाबा: एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. चौथी-पाचवीची घ्या, सातवीची नको.

निशा_सुदामानगर: बाई म्हणतात तेच, जाड पुस्तक नको. चौथीचं वर्कबुक आणा.

पलासियाची_आई: सगळ्यांचे आभार. चौथीचं काही आणलं तर तो हात लावणार नाही, मोठा झालाय ना! सध्या काहीच विकत घेत नाही. त्याचं गेल्या वर्षीचं हिंदी व्याकरण घरातच आहे. त्यातलीच वाक्यं रोज रात्री जेवणानंतर इंग्रजीत मांडायची, लाल चिठ्ठ्यांसकट. बाई, 'ही इज गोइंग' असलं की 'इज' पण लाल करायचं का?

निवृत्त_बाई: हो, दोन्ही लाल. प्रश्न विचारताना 'इज' उचलून 'ही'च्या आधी ठेवायला सांगा, 'गोइंग' जागचं हलवू नका.

राजवाडा_दादा: तरी सुट्टीत क्लासचं बघाच.