गांडुळांपलीकडचे रहिवासी

'कुंडीत गांडुळं दिसली म्हणजे माती जिवंत' असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. गांडूळखतासोबत येणारी लाल गांडुळं कुजत्या काडीकचऱ्यात रमतात, नुसत्या मातीत फारशी टिकत नाहीत. त्यांच्यावरून कुंडीची परीक्षा कशाला?

मातीतले बारीक जीव स्वतःच पाहायचे तर बाटलीचं तोंड कापून नरसाळं करा, आत जाळी, त्यावर पाल्यासकट मूठभर माती, वर जुना पिवळा बल्ब (एलईडी नको, ऊब हवी), खाली ओला टिश्यू घातलेली वाटी. कीटकशास्त्रज्ञ बर्लेसे यांच्या १९०५ सालच्या नरसाळ्याचीच ही घरगुती आवृत्ती. माती वरून सुकते तसे जीव खाली सरकतात. आमच्या जास्वंदीखालून माइट (कोळ्यांच्या जातकुळीतले बारीक जीव) आणि स्प्रिंगटेल, म्हणजे टुणकन उडणारे बारीक, बिनपंखी पांढरे जीव, निघाले. स्प्रिंगटेलना कीड समजून लोक उगाच औषध मारतात. ते मुख्यतः बुरशी आणि कुजका पालाच खातात.