२०२४ची माझी आवडती डान्स गाणी, आणि त्यात 'तांबडी चामडी' का नाही

लोपास (धागाकर्ता)

डिसेंबर आला की ही यादी टाकायची आणि शिव्या खायच्या, हा आपला कुळाचार. यंदाही मोडत नाही.

नव्यांसाठी: मी पुण्यात शुक्रवार-शनिवार क्लबमध्ये वाजवतो. लगीनसराईत संगीत, कॉकटेल, हळद, जी ऑर्डर येईल ती घेतो. घर त्यावर चालतं. यादी मात्र ऑर्डरीची नाही, माझी आहे.

सगळ्यात वर फ्लोटिंग पॉइंट्सचं 'की१०३'. सप्टेंबरात आलेल्या 'कॅस्केड' अल्बममधलं. मँचेस्टरच्या एका रेडिओ स्टेशनचं हे नाव होतं, फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेपर्ड मूळचा तिथलाच. (मेंदूविज्ञानात पीएचडी आहे गड्याची. आपल्याकडे असता तर आई अजूनही 'नोकरीचं काय' विचारत असती.) यात गायक नाही, तोंडात बसेल असं काही नाही. सिंथची एक ओळ आहे, ती वळत राहते आणि सावकाश तापत जाते. मी हे साडेअकराच्या पुढे लावतो, अर्धी माणसं बारपाशी आणि उरलेली फोनमध्ये असतात तेव्हा. आधीच्या ट्रॅकचा बेस पूर्ण खाली घ्यायचा, याच्या फक्त वरच्या पट्ट्या आत सोडायच्या आणि बराच वेळ हात मागे बांधून उभं राहायचं. कुणाला काही कळत नाही. मग बेस आत. आधी बूथजवळच्यांचे खांदे हलतात, मग बारपाशी पाठ करून उभे असलेले वळतात. मला पगार याचाच मिळतो असं मी मानतो.

मग जेमी एक्सएक्स आणि हनी डिजॉनचं 'बॅडी ऑन द फ्लोअर'. २०१५च्या 'इन कलर'नंतर जेमीने थेट यंदा 'इन वेव्ह्ज' काढला, नऊ वर्षांनी. हनी डिजॉन शिकागोची, आणि त्या शहरात जन्मलेलं हाऊस, म्हणजे सरळ ठेक्याचं क्लबचं संगीत, या गाण्यात ऐकू येतं. हे कुठल्याही गर्दीत चालतं, अगदी वराकडच्या मामांनासुद्धा.

जस्टिसचं 'नेव्हरएंडर' (टेम इम्पाला सोबत), निया आर्काइव्ह्जचा 'सायलेन्स इज लाऊड' अख्खा, आणि कायनेमुझीकवाल्या अॅडम पोर्टचं 'मूव्ह'. शेवटच्याचा आता वीट आलाय, पण जूनमध्ये आला नव्हता.

आता मुद्द्याचं. यंदा मी सगळ्यात जास्त वाजवलं असेल तर क्रेटेक्स आणि श्रेयसचं मराठी हाऊस गाणं 'तांबडी चामडी'. तरी ते यादीत नाही. कारण ते पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळं देऊन टाकतं. हुक, म्हणजे तोंडात बसणारी ओळ, येते, लोक किंचाळतात, फोन वर जातात, रील झालं की फोन खाली आणि माणसं परत टेबलावर. पुढे मला काही करायला जागाच राहत नाही. सर्वांत जास्त वाजवलेलं आणि सर्वांत आवडलेलं या दोन वेगळ्या याद्या आहेत.

चला, सुरू करा.

आगाऊ कार्टा

म्हणजे लोकांना आवडलं म्हणून तुला आवडलं नाही. एवढंच लिहिलं असतंस तरी चाललं असतं, बाकीचा निबंध कशाला?

स्पिनिन'सारख्या डच लेबलवर पहिल्यांदा मराठी गाणं आलं. ज्या लेबलची गाणी आपण शाळेत असताना पेन ड्राइव्हवर फिरवायचो, तिथे मराठी! आणि पुण्यातला मराठी डीजे म्हणतो, मला करायला जागा नाही. अरे, तुला जागा हवी की पब्लिकला नाचायला हवं?

माझ्यासाठी वर्षातला पहिला नंबर तोच. दुसरा अॅनिमा. लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये, त्या अवाढव्य पडद्याच्या गोल सभागृहात, शो करणारा पहिला इलेक्ट्रॉनिक कलाकार, २७ डिसेंबरपासून सुरू.

लोपास

@आगाऊ कार्टा, स्पिनिन'चा अभिमान मलाही आहे. पण लेबलचा शिक्का बघून गाणं आवडायचं असेल तर मग डीजे मॅगच्या टॉप १००पुढेही मान तुकवू. यंदा तिथे मार्टिन गॅरिक्स पहिला. मतदान आहे ते. फॅन मोजतं, गाणी नाही.

अॅनिमाबद्दल: स्फिअरमध्ये लोक पडद्याकडे बघायला जातात. बघा की, कोण नको म्हणतंय. फक्त त्याला डान्स म्युझिक म्हणताना कोणीतरी नाचताना दिसावं, एवढी माफक अपेक्षा.

डॉल्बीवाला कराड

लोपास भाऊ, राग मानू नका, पण तुमची यादी एसीतली आहे.

आमच्याकडं वरात चौकात येते तेव्हा मागं जनरेटर, पुढं बेसची भिंत, नवऱ्याचे मित्र ट्रॉलीच्या तोंडाशी. ते 'की१०३' का काय ते आत्ता ऐकलं. चांगलंय. पण तापायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझ्या हातातला माइक कुणीतरी हिसकावून 'गाणं बदल' म्हणून ओरडलेला असतो. शिवाय दहाला बंद. दहाला पाच कमी असताना पोलीस गाडी आडवी लावतात. सावकाश तापणाऱ्या गाण्याला आमच्याकडं वेळच नाही.

आणि 'तांबडी चामडी'त करायला जागा नाही म्हणता? मी त्याचा मधला तुकडा कापला, फक्त आवाज ठेवला, खालची किक (ड्रमचा धमक ठोका) काढून टाकली आणि त्यावर खरी हलगी चढवली. आमच्या गावातल्याच पोराकडून वाजवून घेतली, गोदामात रेकॉर्ड केली. एकदा आवाज, एकदा हलगी, मग दोन्ही एकदम. तो तुकडा संपला की पब्लिक 'परत' म्हणतं. तुम्हाला जागा दिसली नाही, कारण तुम्ही आहे तसं लावलं.

शेवंता बर्लिन

कराडकरांना +१, आणि मला तो तुकडा ऐकायचाच आहे. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर दोन गाणी वाजली, त्यातलं एक हेच. नाचायला सगळ्यात आधी उठले ते ज्यांना मराठीचं अक्षर येत नाही ते शेजारी.

पण माझी तक्रार 'मूव्ह'बद्दल आहे. कायनेमुझीक ही बर्लिनची टोळी, २००९पासूनची, मला आवडते. पण आज अर्ध्या जगात 'आफ्रो हाऊस' म्हणून जे वाजतं ते बऱ्याचदा युरोपात बनतं, आणि या आवाजाचं मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे हे यादीवाल्यांच्या गावीही नसतं. तिथल्याच डीजे ब्लॅक कॉफीला २०२२मध्ये 'सबकॉन्शसली'साठी ग्रॅमी मिळालं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता यादीत नाव कोणाचं? अॅडम पोर्टचं. लोपास, तुझ्या यादीत दक्षिण आफ्रिकेतलं एकही नाव नाही. अमापियानो, तिथलाच संथ हाऊसचा प्रकार, तर जणू अस्तित्वातच नाही.

लोपास

@डॉल्बीवाला, हे झालं खरं उत्तर. पण मग तुम्हीच सांगा, 'परत' कशाला म्हणतात लोक? आवाजाला की हलगीला? किक तुम्ही काढून टाकलीत. म्हणजे मूळ गाण्यातला नाचायचा भागच गेला, उरला फक्त हुक. यंदाच्या माझ्या यादीत तुमची हलगी घालायला मी एका पायावर तयार आहे. गाणं नाही.

@शेवंता, अमापियानो मी वाजवतो, पण सुरुवातीला, दहा ते अकरा. आमच्याकडच्या गर्दीला त्यातला लॉग ड्रम, म्हणजे तो घुमणारा बेस, कळतो, पण त्या संथ लयीवर उभं राहायचं कसं ते अजून ठरत नाही. आवडतं म्हणून यादीत घालायचं, तर मला ते रात्री एकला लावता आलं पाहिजे. दीडला लाइट लागतात, त्याआधीचा अर्धा तास मी कोणाला देतो यावर माझी यादी ठरते.

शेवंता बर्लिन

म्हणजे निकष गाण्याचा नाही, पुण्याच्या घड्याळाचा. ठीक आहे, मग शीर्षकात 'पुण्यात रात्री एकला चालणारी' असं लिही. 'वर्षाची आवडती' म्हणू नकोस.

ट्रान्झिस्टर काका

मी नाचत नाही, गुडघे नाहीत. ऐकतो मात्र सगळं, त्यामुळे दोन शब्द.

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सिनेसंगीतातल्या वादकाने एक रेकॉर्ड केली. दहा राग, खाली डिस्कोचा ठेका. हाताशी रोलंडची यंत्रं: बेससाठी टीबी-३०३, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथ. तेव्हा कुणी विचारलं नाही, रेकॉर्ड पडून राहिली. ज्यापासून अॅसिड हाऊस सुरू झालं म्हणतात ते शिकागोतल्या फ्युचर या गटाचं 'अॅसिड ट्रॅक्स' आलं १९८७मध्ये, त्याच ३०३ने. पुढे २०१०मध्ये चरणजितांची रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरच्या डीजेंनी तोंडात बोटं घातली, कारण ती ऐकताना पाच वर्षं पुढचं काहीतरी ऐकतोय असं वाटतं. राग भैरव घ्या. ३०३ची ती घसरत जाणारी ओळ स्वरांमधून मींड घेते, आणि खाली ८०८ अजिबात हलत नाही.

आता सांगा, १९८२च्या डिसेंबरात मुंबईतल्या एखाद्या डीजेने यादी केली असती तर त्यात हे असतं का? म्हणून वर्षाअखेरीच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. त्या वर्षाच्या नसतात, त्या महिन्याच्या असतात.

बाकी ब्रिटिश संगीतकार फोर टेटचा 'थ्री' अल्बम यंदाच आला, तो यादीत का नाही, हे लोपासने सांगावं. याच माणसाने २०१५मध्ये 'मॉर्निंग/इव्हनिंग'मध्ये लताबाईंचा आवाज असा काही वापरला होता की मी सोफ्यावरून उठलो नव्हतो.

आगाऊ कार्टा

काका, भारी माहिती. पण तुमच्याच दाखल्याने लोपास हरतो की! १९८२मध्ये ज्या मोठ्या लोकांना 'हे काय फालतू, राग आणि डिस्को' वाटलं, ते आजचे 'हे काय फालतू, मराठी आणि हाऊस'वाले. अजून पंचवीस वर्षांनी बघू.

ट्रान्झिस्टर काका

उलटही असू शकतं, बाळा. चरणजितांच्या वेळी लोकांनी नाकारलं होतं. तुमचं गाणं सगळ्यांनी उचललंय. ज्याला सगळ्यांनी उचललं त्याला काळाची मदत लागत नाही, त्याची फक्त परीक्षा होते.

लोपास

काका, यादी महिन्याची असते हे मान्य. पण मी समीक्षक नाही. मला दर शुक्रवारी पेन ड्राइव्ह भरावा लागतो. २८ वर्षं थांबून कोणतं गाणं भारी होतं ते सांगणाऱ्याला क्लबवाले पैसे देत नाहीत.

'थ्री' मला फार आवडला, पण तो मी घरी ऐकतो. त्यातलं 'डेड्रीम रिपीट' एकदा फ्लोअरवर लावून पाहिलं. लोक थांबले. वाईट अर्थाने नाही, खरंच ऐकत उभे राहिले. मालक मात्र बूथपाशी येऊन विचारून गेला की साउंडला काय झालं.

पेडण्यातला

चर्चा छान चाललीय, पण बेस आत, बेस बाहेर वाचताना हसू येतंय. आमच्या तालुक्यात धारगळला यंदा सनबर्न हा डान्स म्युझिकचा महोत्सव आणलाय, वागातोरहून उचलून. गावात विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं. तुमच्या यादीतली किती गाणी तिथे वाजतील माहीत नाही, पण सगळी आम्हाला ऐकू येणार. आमची आवडनिवड कोणी विचारली नाही.

आगाऊ कार्टा

विषयांतर. वेगळा धागा काढा.

पेडण्यातला

नाही काढणार. डान्स म्युझिकची यादी असेल तर ते वाजतं कुठे, हा विषयातलाच भाग आहे. १९९०च्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावर जे वाजत होतं त्यातून गोवा ट्रान्स नावाचा प्रकार जगाला मिळाला. तो तिकिटावर आणि पडद्यावर उभा नव्हता. आणि तेव्हाही शेजारी वैतागलेच होते, हेही सांगतो, उगाच जुनं ते सोनं नको.

डॉल्बीवाला कराड

पेडणेकरांचं म्हणणं पटतंय, आणि मी तर भिंतवाला माणूस. आमच्या म्हाताऱ्या आजी खिडकीची काच धरून बसतात हे मला माहितीय. चौकात हॉस्पिटल असलं की मी बेस स्वतः खाली घेतो, कुणी सांगायच्या आधी.

@लोपास, हलगी की आवाज, याचं उत्तर: नुसती हलगी तर आधीपासून आहेच की. मिरवणुकीत तास तास चालते. पण 'परत' म्हणायला लोकांना काहीतरी तोंडाने म्हणता यायला लागतं. ते या गाण्यानं दिलं. तुमच्या पहिल्या नंबरच्या गाण्यात म्हणता येण्यासारखं एक अक्षर नाही. तुमच्याकडं लोक ऐकून नाचतात, आमच्याकडं म्हणत म्हणत नाचतात. आमच्याकडं वाजवून बघा 'की१०३', मी ट्रॉली देतो.

लोपास

ट्रॉली मंजूर. पण मी आधी निया आर्काइव्ह्ज लावणार. ती ज्या प्रकारात वाजवते त्या जंगलची, म्हणजे वेगवान तुटक ड्रमच्या संगीताची, लय तुमच्या पब्लिकला परकी नाही वाटणार. १९६९च्या द विन्स्टन्सच्या 'आमेन, ब्रदर'मधला तो काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा कापून कापून अख्खा प्रकार उभा राहिलाय. तुम्ही गोदामात जे केलंत तेच. वेग दीडशेच्या वर, नाशिक ढोलवाले पोरं तरी नाक मुरडणार नाहीत.

आणि त्या बदल्यात हलगीची फाइल द्या.

डॉल्बीवाला कराड

फाइल सिझन संपल्यावर. आत्ता दिली तर पुढच्या शनिवारी साताऱ्यात दुसऱ्याच्या भिंतीवर ऐकायला येईल.

शेवंता बर्लिन

आणि दक्षिण आफ्रिकेचं उत्तर अजून आलेलं नाही, लोपास. 'रात्री एकला चालत नाही' हे उत्तर नव्हे. ब्लॅक कॉफी एकला लावून बघितलायस का कधी?

लोपास

या शनिवारी लावतो. लोक बसले तर व्हिडिओ टाकेन, नाचले तर यादी बदलणार नाही, ती छापून झाली. पुढच्या वर्षी बघू.