अनुभव धागा: तुमच्या टेबलावरचा न विसरता येणारा राक्षस

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन फासे टाकत खेळतात) चालवणाऱ्या आणि खेळणाऱ्या सगळ्यांना लिहायचं आमंत्रण. स्टॅट ब्लॉक (राक्षसाच्या आकड्यांचा तक्ता) उतरवून काढू नका, तो पुस्तकात आहेच. राक्षसाने तुमच्या टेबलावर नेमकं काय केलं आणि ते कसं जमून आलं, तेवढं सांगा. नियम कुठलेही चालतील, घरी बनवलेलेसुद्धा. सुरुवात मीच करतो.

वीसपैलू (धागाकर्ता)

माझा लाडका म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समधला (डी अँड डी) रस्ट मॉन्स्टर. या खेळाचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स, त्याने हा आणि आउलबेअर (घुबड-अस्वल) हे दोघे स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून उचलले होते. त्यामुळे असेल, पण त्याचं वर्णन ऐकून कुणी घाबरत नाही. कवचाचा किडा, पुढे दोन लांब मिशा, बस्स. मिशी लागली की चिलखत गंजतं हे कळलं, आणि एरवी ड्रॅगनसमोर छाती काढून उभा राहणारा आमचा फायटर (लढवय्या) सरळ विझार्डच्या (जादूगाराच्या) मागे जाऊन लपला!

मी आधी एकच गोष्ट पक्की केली होती: याला माणसं नकोत, लोखंड हवंय. त्याला तीस फुटांवरून लोखंडाचा वास येतो. बार्डच्या (गाणाऱ्या पात्राच्या) हे लक्षात आलं. तिने पिशवीतले खिळे एकेक करून मागे टाकायला सुरुवात केली आणि किडा शेपूट हलवत तिच्या मागे. तीन सेशननंतर त्यांचा एक साथीदार तुरुंगात पडला, तेव्हा पार्टीने (खेळाडूंच्या चमूने) कुलूप फोडायचा विचारसुद्धा केला नाही. खिळ्यांची रांग लावून किड्याला थेट गजांपर्यंत नेलं. मी यातलं काहीही लिहून ठेवलेलं नव्हतं. राक्षसाला भूक दिली होती, बाकीचं खेळाडूंनी केलं.

ढालतलवार

वीसपैलू, भूक वगैरे ठीक आहे, पण एकटा मोठा राक्षस मेज गाजवत नाही त्याचं खरं कारण हिशोबाचं असतं. पाच खेळाडू म्हणजे एका फेरीत पाच पाळ्या, राक्षसाची एक. कितीही हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) द्या, तो मार खाणारं पोतं होतो. डी अँड डीच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या लेजेंडरी ॲक्शन याच दुखण्यावरचा इलाज आहेत: दुसऱ्याची पाळी संपली की राक्षस मध्येच काहीतरी करतो.

मी त्याच्याही पुढे गेलो. दलदलीतली चार हातांची एक म्हातारी बनवली आणि प्रत्येक हाताला वेगळा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) दिला. एक हात पाय ओढतो, एक चिखल डोळ्यांत फेकतो, एक हत्यार हिसकावतो. हात तोडला की ती पाळी कायमची गेली. खेळाडूंना दर फेरीला आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटतं, नुसता आकडा कमी होत नाही.

चौथा हात मात्र पाळी आली की काहीच करायचा नाही. मी दर वेळी सांगायचो, "चौथा हात पोटाशी घट्ट आहे." दोनदा कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्यांदा रोगने (चोराच्या पात्राने) तलवार खाली केली आणि विचारलं, "तिच्या हातात काय आहे?" अंडं होतं. त्यापुढचा अर्धा तास कुणीही फासा टाकला नाही, नुसता वाद. पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि रोग पुढची दोन सेशन एकमेकांशी धड बोलत नव्हते.

गुहावासी

आमच्या टेबलावर ड्रॅगन कुणाच्या लक्षात नाही. लक्षात आहे तो सात हिट पॉइंटचा एक गोब्लिन.

मी डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिक नियमांतला मोरालचा (राक्षसांच्या हिमतीच्या आकड्याचा) फासा अजूनही वापरते. टोळीतला पहिला मेला किंवा निम्मे पडले की दोन सहापैलू फासे टाकायचे, मोरालपेक्षा जास्त आले तर उरलेले पळतात. असाच एक पळाला. खेळाडू म्हणाले, जाऊ दे. मी त्याच्या नावापुढे लिहिलं: काय पाहिलं? विझार्ड आग टाकतो, क्लेरिक (पुरोहित) पडलेल्यांना उठवतो, फायटर दारातून हलत नाही.

पुढच्या गुहेत गोब्लिन एकत्र उभे नव्हते, त्यामुळे आग वाया गेली. पहिले बाण क्लेरिकला. फायटरच्या दाराला बाहेरून अडसर. सगळ्यांत मागे एक कान तुटलेला गोब्लिन ओरडून सूचना देत होता. "अरे, हा तोच!" टेबलावर जो आरडाओरडा झाला! त्याला मारायला पार्टीने राजकन्या, खजिना, सगळं बाजूला ठेवलं.

दुबळे राक्षस डोक्याने लढले की काय होतं, हे ड्रॅगन या डी अँड डीच्या मासिकात १९८७ साली टकर नावाच्या खेळ चालवणाऱ्याच्या कोबोल्डांवर (छोट्या, दुबळ्या राक्षसांवर) आलेल्या संपादकीयात वाचायला मिळतं. जुनं आहे, पण मिळालं तर वाचाच.

मेणबत्ती

खेळाडूच्या बाजूने लिहिते. आम्ही कॉल ऑफ क्थुल्हू हा भीतीचा खेळ खेळत होतो. तिथे हिट पॉइंटपेक्षा सॅनिटी (मनाचा तोल) जास्त जपावी लागते. रिकाम्या इमारतीत वरच्या मजल्यावरून आवाज आला: "थांबा, मी आधी जाते, माझ्याकडे दिवा आहे." कीपरने (तिथे खेळ चालवणाऱ्याने) हे अगदी सपाट आवाजात वाचलं. मला वाटलं, आमच्यातलंच कुणी बोललं. मग आठवलं, हे वाक्य माझंच होतं, मागच्या सेशनमधलं, शब्दन् शब्द.

आम्ही गप्पा मारत असताना कीपर वहीत आमची वाक्यं टिपत होता आणि आम्हाला वाटत होतं की नियम बघतोय. त्या प्राण्याचं वर्णन त्याने शेवटपर्यंत केलं नाही. आम्ही मात्र एकमेकांशी कमी बोलायला लागलो, आणि तेच त्याला हवं होतं.

एक सांगते, असल्या खेळाआधी कुणाला काय नको आहे हे विचारून घ्या. आमच्या कीपरने विचारलं होतं, म्हणूनच आम्ही मनसोक्त घाबरलो.

वरणभिंत

सगळे इतकं खोल जात आहेत म्हणून उलट बाजू मांडतो. जिलेटिनस क्यूब, म्हणजे सगळं गिळणारा पारदर्शक जेलीचा ठोकळा. दहा फुटांचा बोळ, दहा फुटांचा घन. हेतू नाही, पूर्वायुष्य नाही, अंडं नाही. हवेत तरंगणारा सांगाडा आणि त्याच्या हातात चकाकणारी तलवार दिसली. रोग म्हणाला, "मी तलवार घेतो." चपळ माणूस. गेला आत.

दिवटी

मी नवीन आहे, एक शंका. ट्रोलला आग किंवा ॲसिड लागतं हे सगळ्यांना पाठ असतं. नाही लावलं तर २०१४ च्या नियमांत दर पाळीला त्याचे दहा हिट पॉइंट भरून येतात. मग मजा कशी राहणार? दुबळी बाजू बदलणं ही फसवणूक होईल का?

गुहावासी

दिवटी, बदल बिनधास्त, पण आधी खुणा पेर. मी ट्रोलचं नावच घेत नाही, तुटलेला हात बोटांवर सरपटत परत येतो एवढंच सांगते. समजा आगीऐवजी मीठ चालवायचं असेल तर गावात प्रत्येक उंबऱ्यावर मिठाची रेघ दाखव, मेलेल्या शिकाऱ्याच्या पिशवीत ओलं मीठ सापडू दे, आणि राक्षस खाडी टाळून लांबच्या वाटेने येतो हे मेंढपाळाकडून कळू दे. यातली एखादी खूण खेळाडू हमखास सोडतात. आणि आगीने लढले तर थोडंफार भाजू दे त्याला, अगदीच हात हलवत पाठवू नकोस.

ढालतलवार

आणि मध्येच हिट पॉइंट वाढवू नकोस. खेळाडूंना कळतं.

वरणभिंत

नाही कळत. चांगला चेहरा ठेवला तर मुळीच कळत नाही.

ढालतलवार

तुमच्या टेबलावर नसेल कळत. आमच्याकडे विझार्ड झालेली खेळाडू प्रत्येक घावाची बेरीज वहीत मांडते.

दिवटी

मीठ वापरलं! तीनपैकी दोन खुणा त्यांनी सोडल्या, पण मेंढपाळाशी बार्ड फार वेळ बोलत बसला. आता त्यांना ट्रोलला मारायचंच नाहीये, त्याला खाडीच्या पलीकडे कोंडून ठेवायचंय. पुढच्या सेशनसाठी खाडीचा नकाशा काढतेय. भरती-ओहोटीचे नियम कुणी आधी वापरलेत का?