अपिलात रोजचं जगणं मांडा
"मानसिक आजाराचा पेशंट नीट बोलतो-चालतो म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र नाकारलं, अपील करून काय उपयोग" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५९ नं अपिलाचा हक्क दिलाय. नकाराची कारणं मात्र लेखी मागाच.

मानसिक आजारामुळे आलेल्या दिव्यांगत्वाची टक्केवारी 'आयडियाज' (IDEAS) नावाच्या मोजपट्टीवर ठरते. तिच्यात हे पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद, काम, शिवाय आजार किती जुना. नुसत्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांतून यातलं फारसं काही दिसत नाही. माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वहिनीनं अपिलासोबत सगळं लिहून दिलं: आंघोळीला किती विनवावं लागतं, यंत्रमागावरचं काम कसं सुटलं. कारखानदाराचं पत्रही जोडलं. तेव्हा कुठे ४० टक्क्यांच्या वरचं प्रमाणपत्र हाती आलं.