मदत हवी आहे: उंदीर-घुशींसाठी टेरियर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू निवडताना हुशारी कशी ओळखावी?

यावल तालुक्यात आमची केळी आहे, मळ्यातच दादर ज्वारी आणि कडबा ठेवायची खोली. उंदीर-घुशी ठिबकच्या नळ्या कुरतडतात, पोती फोडतात. पिंजरे लावून पाहिले, एखादी घूस सापडते आणि बाकीच्या तिकडे फिरकत नाहीत. मांजर मोठ्या घुशीला बिचकतं. झिंक फॉस्फाइडचं विष नको, कारण कोंबड्या मोकळ्या असतात.

जळगावला ओळखीच्यांकडे जॅक रसेल टेरियरची आठ आठवड्यांची पिल्लं आहेत. ते म्हणतात, सगळ्यात तापट असेल ते न्या. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांच्या नावाने ही जात ओळखली जाते त्या इंग्लंडच्या पाद्री जॉन रसेल यांनाही १९व्या शतकात कोल्ह्याला मारणारा नव्हे, बिळातून बाहेर हुसकावणारा कुत्रा हवा होता. आमच्याकडे तर धामण हीच उंदरांवरचा मोठा आधार. तिच्यावर आणि कोंबड्यांवर तुटून पडणारा कुत्रा काय कामाचा?

चिंधी ओढून दाखवली तेव्हा एक पिल्लू गुरगुरत झडप घालून लोंबकळलं, सोडेचना. दुसरं थबकलं, कान टवकारले, आणि खोक्याला वळसा घालून पलीकडून आलं. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

लेप्टोची (उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची) लस देणारच आहे. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, म्हणून काम पहाटे आणि रात्रीच.

ज्यांनी टेरियर कामाला लावलेत त्यांनी सांगावं: या वयात दिसलेलं थांबून बघणं पुढे टिकतं का, की ती नुसती भीती असू शकते? दोन्हींतला फरक कसा तपासायचा? आणि धामण, कोंबड्या सोडून द्यायला कोणत्या महिन्यापासून शिकवायचं?